फॉर्म्युला देताना आम्हाला विचारलं कोणी? एफडीए, सीडीसी आणि एनआयएचला खुलं पत्र

प्रति,
एफडीए, सीडीसी आणि एनआयएच या अमेरिकन सरकारच्या तीन आरोग्य संस्थांचे प्रमुख, आणि तिथे तान्ह्या बाळांच्या आहाराचं काम बघणारे सगळे अधिकारी,

नमस्कार.

इंग्रजी पत्र तुम्हाला वेगळं पाठवलंय, त्यात हेच आहे, फक्त जरा आवरून सावरून लिहिलेलं. हे मराठीत इथे टाकतेय कारण ज्यांना हे माहीत असायला पाहिजे त्यातल्या कितीतरी मुली आपल्याकडच्या आहेत, नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आलेल्या, पहिलंच बाळंतपण, आईचा व्हिसा अजून लागलेला नाही, इन्शुरन्सची भाषा कळत नाही आणि डॉक्टर जे म्हणतील त्याला ओके ओके म्हणायचं. मीही त्यातलीच होते.

गेले काही महिने माझ्या फोनवर सारखी एक जाहिरात येते. तुमचं बाळ दिवस भरायच्या आधी झालं होतं का, त्याला सिमिलॅक किंवा एन्फामिल हे फॉर्म्युला, म्हणजे डब्याचं दूध, दिलं होतं का, आतड्याचा आजार झाला का, मग भरपाई मिळू शकते, आत्ताच फोन करा. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी ती टाकतं, लगेच दुसरं कोणीतरी तुमचं ३ ऑक्टोबर २०२४ चं निवेदन टाकतं, की बघा, सरकारच म्हणतंय फॉर्म्युल्यामुळे होतं असा ठोस पुरावा नाही, सगळा वकिलांचा धंदा आहे. मग विषय संपतो आणि खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. माझा विषय तिथे संपत नाही.

माझी मुलगी २०१९ मध्ये २८ व्या आठवड्यात झाली, शिकागोच्या एका सबर्बमधल्या हॉस्पिटलमध्ये. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, आणि तिथल्या नर्सेसनी माझ्या पोरीला जगवलंय हेही खरंच आहे. बीपी अचानक वाढलं, डोळ्यांसमोर काजवे, रात्री ११ ला अ‍ॅडमिट आणि पहाटे सिझर. वजन १०८० ग्रॅम. आपल्याकडे म्हणतात तसं बाळाला पेटीत ठेवलं. मी दुसऱ्या मजल्यावर, ती चौथ्या, मला उठून बसवत नव्हतं आणि तिला बघायला मला ३० तास लागले.

दूध उतरेना. दर तीन तासांनी पंप लावायचा, २० मिनिटं त्या मशीनची घरघर ऐकायची आणि बाटलीच्या तळाला चार थेंब. ते चार थेंब सिस्टर सिरिंजमध्ये ओढून घ्यायची आणि म्हणायची हे सोनं आहे, थेंबभर पण वाया घालवू नकोस. आणि चौथ्या दिवशी मी खुर्चीवर बसून वर गेले तेव्हा तिच्या पेटीजवळच्या बोर्डवर लिहिलेलं दिसलं की नळीतून फॉर्म्युला सुरू केलाय. कोणी विचारलं नव्हतं, पण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, चला पोटात काहीतरी जातंय.

माझी मावशी मुंबईला सायन हॉस्पिटलला सिस्टर होती, सगळी नोकरी तिथेच. व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं, "अगं, बँकेचं दूध नाही का देत तिथे?" मला आधी कळेचना बँकेचं दूध म्हणजे काय. सायनला १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली, ज्या बाळंतिणींना जास्तीचं दूध येतं त्या देतात, ते पाश्चराइज करून पेटीतल्या बाळांना पाजतात. धारावीच्या शेजारच्या म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये, तीस वर्षांपूर्वीपासून. आणि मी मावशीला काय म्हटलं? "मावशी, ही अमेरिका आहे, इथे जे देतात ते बेस्टच असतं." हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

सोळाव्या दिवशी पोट फुगलं, नळीतून हिरवं परत यायला लागलं, संध्याकाळी शी मध्ये रक्त. डॉक्टर म्हणाले आम्हाला नेकची काळजी वाटतेय. इकडे त्या आजाराला सगळे नेकच म्हणतात, एनईसी, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. पण मला काय माहीत? मी तिच्या मानेकडे बघितलं. खरंच, पेटीच्या काचेतून मी माझ्या मुलीची मान बघत होते आणि मनात म्हणत होते मान तर ठीक दिसतेय. आजाराचं नाव आईला कळलं तेव्हा आजार होऊन गेलेला होता.

एक्सरेमध्ये आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सातव्या महिन्यातल्या बाळाचं आतडं कच्चं असतं, भिंत सुजते, रक्त पोचत नाही, जंतू भिंतीत शिरतात आणि आतड्याचा तेवढा तुकडा मरतो. कधी पोट रिकामं ठेवून, अँटिबायोटिक देऊन निभावतं, कधी कापावं लागतं. आमच्याकडे कापावं लागलं, १९ सेंटिमीटर, लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि झडप दोन्ही गेलं. अडीच महिने पोटावर पिशवी. बारसं केलं तेव्हा ती साडेचार महिन्यांची होती. आता सहा वर्षांची आहे, बडबडी आहे, दर महिन्याला बी ट्वेल्व्हचं इंजेक्शन घेते आणि आमरस खाल्ला की दोन दिवस शाळा बुडते. आम्ही नशीबवान. शेजारच्या पेटीतल्या बाळाची पेटी एका सकाळी रिकामी होती.

आणि हेही इथेच सांगते, त्या शेजारच्या बाळाला पूर्ण आईचं दूध मिळत होतं. त्यालाही नेकच झालं होतं. त्यामुळे माझ्या मुलीला फॉर्म्युल्यामुळेच झालं असं मी छातीठोक म्हणत नाही, म्हणू शकत नाही, म्हणून मी केस केली नाही. दोन वकिलांशी बोलले आणि सोडून दिलं. कृपया हे पत्र त्या जाहिरातींच्या खात्यात टाकू नका.

दोन वर्षांनी मी हॉस्पिटलकडून सगळे कागद मागवले, ८०० पानं. त्यात एका ओळीत होतं, दात्याचं दूध, पात्र नाही. म्हणजे मावशी म्हणाली ते बँकेचं दूध त्या हॉस्पिटलमध्ये होतं! फ्रीझरमध्ये होतं. पण त्यांच्या नियमानं १००० ग्रॅमच्या आतल्या बाळांना. माझी ८० ग्रॅम जास्त. ८० ग्रॅम म्हणजे किती, वाटी दीड वाटी पोहे. मी कधीकधी वजनकाट्यावर मोजून बघते, वेडेपणा आहे, पण बघते.

आता तुमच्या निवेदनाकडे येते.

तुम्ही तिघांनी मिळून म्हटलं की प्रीटर्म, म्हणजे दिवसांआधी झालेल्या बाळांसाठीच्या, फॉर्म्युल्यामुळे नेक होतं असा निर्णायक पुरावा नाही. मान्य. त्याच कागदावर तुम्ही म्हटलं की आईचं दूध या आजारापासून वाचवतं याचा भक्कम पुरावा आहे. आणि मग म्हटलं की धोका वाढतो तो फॉर्म्युला पोटात गेल्यामुळे नाही तर आईचं दूध न मिळाल्यामुळे, असं उपलब्ध पुराव्यावरून दिसतं. मी हे तीन वेळा वाचलं. म्हणजे ठेच अंधारामुळे नाही लागली, दिवा नव्हता म्हणून लागली. शास्त्रज्ञांसाठी यात फरक असेल, मोठा असेल, मी नाकारत नाही. पण पेटीजवळ उभ्या असलेल्या आईसाठी ते एकच आहे, कारण नळीत एका वेळी एकच काहीतरी जातं. त्या नळीत काय घालायचं हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या कागदात आहे, फक्त ते दुसऱ्या ओळीत आहे आणि सगळ्या बातम्या पहिल्या ओळीच्या झाल्या. कंपन्यांनी पहिली ओळ उचलली. तुम्हाला हे होणार हे कळलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि दुधावरचा पुरावा काही काल आलेला नाही. १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या ९२६ बाळांचा अभ्यास आला, नुसत्या फॉर्म्युल्यावर असलेल्या बाळांमध्ये हा आजार नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट दिसला. २०१२ मध्ये इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं सांगितलं की दिवसांआधी झालेल्या सगळ्या बाळांना आईचंच दूध द्या आणि तिचं नसेल तर दात्याचं. आणि एनआयएचमधले जे हे वाचतील त्यांना विशेष सांगायचंय, जानेवारी २०२४ मध्ये तुमच्याच पैशातून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष जामा या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ४८३ बाळं, २९ आठवड्यांच्या आतली किंवा १००० ग्रॅमच्या आतली. आईचं दूध कमी पडलं तर काहींना दात्याचं, काहींना प्रीटर्म फॉर्म्युला. दात्याच्या दुधावर नेक ४.२ टक्के, फॉर्म्युल्यावर ९ टक्के. बुद्धीच्या वाढीत दोन वर्षांच्या सुमाराला फरक नव्हता आणि फॉर्म्युल्यावरच्या बाळांचं वजन जास्त चांगलं वाढलं, हेही सांगते, आपल्या सोयीचं तेवढं सांगायचं असं मला करायचं नाही. पण ४.२ आणि ९! माझी २८ आठवड्यांची मुलगी त्या अभ्यासात बसली असती, हॉस्पिटलच्या नियमात बसली नाही.

माझी खरी तक्रार मात्र आकड्यांची नाहीच. त्या ९७ दिवसांत मी किती कागदांवर सह्या केल्या माहितेय? रक्त द्यायला सही, हातातल्या लांब नळीला सही, लसीला सही, भिंतीवर तिचा फोटो लावायला सही. नंतर, ऑपरेशननंतर, तिला दात्याचं दूध द्यायचं ठरलं तेव्हा त्याला दोन पानी संमतीपत्र, त्यात धोके लिहिलेले, हे दुसऱ्या बाईचं दूध आहे, तपासलेलं आहे, तरी तुम्हाला मान्य आहे का. गाईच्या दुधापासून बनवलेलं फॉर्म्युला दिलं त्याला काही नाही, एक ओळ नाही. नंतर बाकीच्या आयांशी बोलले तेव्हा कळलं की हे माझ्याच हॉस्पिटलचं नाही, कितीतरी ठिकाणी असंच आहे. ज्यानं धोका कमी होतो त्याला सही लागते. दुसऱ्याला लागत नाही.

मला सांगितलं असतं तर काय केलं असतं? कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. कदाचित मी म्हटलं असतं ८० ग्रॅमसाठी अडवू नका, किंवा पैसे भरते, किंवा मावशीला म्हटलं असतं नीट सांग ते बँकेचं काय असतं. आणखी चार वेळा पंप लावला असता. माहीत नाही. पण विचारण्याचा हक्क होता की नाही?

आता कोर्टाचं. मार्च २०२४ मध्ये इलिनॉयच्या ज्युरीनं एन्फामिलवाल्या मीड जॉन्सनला ६ कोटी डॉलर भरायला सांगितले, जुलैत सेंट लुइसच्या ज्युरीनं सिमिलॅकवाल्या अ‍ॅबटला ४९ कोटी ५० लाख. दोन्हीकडे मुद्दा हाच की धोका माहीत असून इशारा दिला नाही. मग ऑक्टोबरच्या शेवटी त्याच सेंट लुइसमध्ये दुसऱ्या ज्युरीनं दोन्ही कंपन्यांना मोकळं सोडलं, आणि मार्च २०२५ मध्ये जजनं ती ट्रायल परत घ्या म्हणून सांगितलं. इकडे शिकागोच्या फेडरल कोर्टात शेकडो केसेस एकत्र केल्यात, त्यातल्या नमुन्यादाखल घेतलेल्या काही केसेस जजनी ट्रायलपर्यंत जाऊच दिल्या नाहीत. म्हणजे एका आईला कोट्यवधी, दुसरीला शून्य, तिसरीची तारीख पडलीय. कंपन्या म्हणतात धोका डॉक्टरांना माहीत असतो, आम्ही काय सांगायचं. डॉक्टर म्हणतात दूध नसलं तर उपाशी ठेवायचं का. तुम्ही म्हणता निर्णायक पुरावा नाही. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल. चौथी मी, माझ्यापर्यंत कोणीच आलं नाही.

बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं जुलैच्या निकालानंतर म्हटलं की बाळांना काय पाजायचं हे कोर्टात ठरू नये. अगदी बरोबर, शंभर टक्के! पण मग कुठे ठरावं? डॉक्टर आणि कुटुंब मिळून ठरवतील म्हणे. कुटुंबाला ठरवायला बसवलं कधी? कोर्टात गर्दी का होते, तर आधीच्या सगळ्या दारांवर कोणी उत्तर देत नाही म्हणून.

आणि मला भीतीही वाटते, हे खरं. २०२२ मध्ये मिशिगनच्या स्टर्जिसचा फॉर्म्युल्याचा कारखाना बंद पडला तेव्हा या देशात फॉर्म्युल्याची काय टंचाई झाली ते सगळ्यांनी बघितलंय, दुकानांची शेल्फं रिकामी, लोक तीन तीन गावं फिरत होते. उद्या कंपन्या म्हणाल्या की जाऊ दे, हा प्रीटर्मचा छोटा धंदा आम्ही बंदच करतो, तर ज्या बाळाला आईचंही नाही आणि बँकेचंही नाही त्याचं काय? फॉर्म्युला बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझी मुलगी पुढे सात महिने एका खास फॉर्म्युल्यावरच जगली. म्हणून तर म्हणतेय की हे वकिलांवर सोडू नका.

एफडीएला वेगळं सांगायचंय. कमी वजनाच्या बाळांचा फॉर्म्युला तुमच्या नियमात 'एक्झेम्प्ट' या वर्गात येतो, म्हणजे सूट मिळालेला. नेहमीच्या फॉर्म्युल्याच्या काही अटी त्याला जशाच्या तशा लागू होत नाहीत कारण ती बाळंच वेगळी असतात, ठीक आहे, पण म्हणून लेबलचा विचार जास्त करायचा की कमी? १९८० चा फॉर्म्युल्याचा कायदा आला तोसुद्धा आईबापांच्या रेट्यानंच, एका कंपनीच्या फॉर्म्युल्यात क्लोराइड कमी पडून बाळं आजारी पडली होती म्हणून. आणि मार्च २०२५ मध्ये तुम्ही 'ऑपरेशन स्टॉर्क स्पीड' जाहीर केलं, त्यात फॉर्म्युल्यातल्या पोषक घटकांचा आढावा, जड धातूंची तपासणी आणि लेबल जास्त स्पष्ट करण्याचंही आहे. मग सुरुवात सगळ्यात लहान बाळांपासून करा ना.

मागण्या मोजक्याच आहेत.

१. प्रीटर्म फॉर्म्युल्यावर साध्या भाषेत लिहा की आईच्या किंवा दात्याच्या दुधाच्या तुलनेत यावर असलेल्या बाळांमध्ये नेक जास्त दिसतं. 'फॉर्म्युल्यामुळे होतं' असं लिहू नका, तुमच्याकडे जेवढा पुरावा आहे तेवढंच लिहा.

२. पण नुसत्या लेबलवर थांबू नका, कारण एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, आईला लेबल दिसतच नाही, दोन औंसाच्या बाटल्या मागच्या खोलीत उघडतात आणि आपल्यापर्यंत सिरिंज येते. तर एक पानाचा कागद तयार करा, पहिलं फॉर्म्युला द्यायच्या आधी आईबापांच्या हातात द्यायचा. त्यात दात्याचं दूध इथे आहे का, कुठल्या वजनापर्यंत देता, नसेल तर आणता येईल का. आईच्या भाषेत, निदान दुभाष्याला बोलावून. खूप तातडी असेल तर आधी पाजा, मग बारा तासांत सांगा, चालेल.

३. दात्याचं दूध वजनाच्या काट्यावर अडवू नका. मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात, एका राज्यात त्याचे पैसे मिळतात आणि शेजारच्या राज्यात मिळत नाहीत, हे तुमच्या खात्याच्या अखत्यारीत नसेल तर ज्यांच्या आहे त्यांना तुमच्या सहीनं लिहा. तुमच्या सहीला वजन आहे, माझ्या नाही. आणि आईला पहिल्या दिवसापासून चांगला पंप आणि शिकवणारी बाई द्या, ते सगळ्यात स्वस्त औषध आहे.

४. कुठल्या एनआयसीयूत किती बाळांना नेक झालं आणि ती बाळं कशावर होती हे आईबापांना बघता येईल असं मांडा. हॉटेलची रेटिंग बघून जेवायला जातो आपण, याचं काही बघायला मिळत नाही.

५. तुमचं ते निवेदन परत लिहा, दुसरी ओळ वर घेऊन.

एक आई,
शिकागोजवळून

ता.क. आपल्या मुलींसाठी: ही जाहिरात बघून घरी बाळाचा फॉर्म्युला स्वतःच्या मनानं बंद करू नका, हा धोका मुख्यतः पेटीतल्या, दीड किलोच्या आतल्या बाळांचा आहे, पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाचं गणित वेगळं. एनआयसीयूत गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, दात्याचं दूध आहे का आणि कोणाला देता. सिस्टरला विचारा, तिला जास्त माहीत असतं. पोट फुगलं, हिरवं आलं, शी मध्ये रक्त दिसलं तर राऊंडची वाट बघू नका, तिथेच बोला. भारतात असाल तर १९९२ चा कायदा आहे, त्यात फॉर्म्युल्याची जाहिरात, फुकटचे नमुने, डॉक्टरांना भेटी, सगळ्याला बंदी आहे, निदान कागदावर तरी, आणि मिल्क बँका बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत सुरू झाल्यात, विचारल्याशिवाय कोणी सांगेलच असं नाही. आणि तुमची मावशी सिस्टर असेल तर तिचा फोन आधी घ्या.